पंचायतीची भांडी

बाबासाहेब 1952 साली उत्तर मुंबईतून लोकसभेला हरले. का हरले, याचं आजोबांनी दिलेलं उत्तर आमच्या घरात लहानथोरांना पाठ होतं: मतं कुजवली.

तो मतदारसंघ दुहेरी होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि सोशालिस्ट यांची युती होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. कम्युनिस्टांचे डांगे वेगळे उभे. एक मत आम्हाला द्या आणि दुसरं वाया घालवा, असा प्रचार कामगार वस्त्यांतून झाला. नारायण काजरोळकरांना 1,38,137 मतं पडली, बाबासाहेबांना 1,23,576. म्हणजे साडेचौदा हजारांचा फरक. आजोबा तेव्हा परळला त्यांच्या मामांच्या खोलीत राहायचे, कुर्ल्याच्या स्वदेशी मिलमध्ये बदली कामगार होते आणि आयुष्यातलं पहिलं मत देऊन आले होते. निकाल लागला त्या दिवशी चाळीत चूल पेटली नाही, असं ते सांगायचे. काँग्रेसवरचा त्यांचा राग समजण्यासारखा होता, पण जास्त राग होता तो डांग्यांवर. काँग्रेस समोरची होती. डांगे गिरणीत शेजारच्या साच्यावर उभे राहणाऱ्यांचे पुढारी होते.

विरोधकांमधल्या फाटाफुटीची ही आमच्या घरातली पहिली गोष्ट. पुढच्या सगळ्या गोष्टी तिच्याच पोटातून आल्या, असं मला वाटतं.

कारण पाचच वर्षांनी, 1957 साली, त्याच आजोबांनी त्याच डांग्यांना मत दिलं. संयुक्त महाराष्ट्र समिती झाली होती. फोर्टात, फ्लोरा फाउंटनला, गिरणगावात पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं पडली होती, आणि समितीत प्रजासमाजवादी, शेकाप, कम्युनिस्ट, फेडरेशन असे सगळे एका मांडवाखाली आले होते. मध्य मुंबईच्या दुहेरी मतदारसंघातून कम्युनिस्टांचे डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने असे दोघेही निवडून गेले. आजोबा म्हणायचे, “दोन मतं व्हती. एक त्यांला दिलं, एक आपल्याला. त्यांनीबी तसंच केलं. बावन्न सालीच केलं असतं तर?” या ‘तर’च्या पुढे ते कधी गेले नाहीत. तंबाखू मळत गप्प बसायचे.

त्या वर्षी फेडरेशनचे तेरा आमदार द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेत गेले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावहून बापू चंद्रसेन ऊर्फ बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. जाण्याआधी फेडरेशन मोडून सर्वांसाठी खुला असा रिपब्लिकन पक्ष काढायचं त्यांनी ठरवलं होतं. शेवटच्या दिवसांत आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना त्याबद्दल पत्रंही लिहून ठेवली होती. अत्रे काय, एसेम काय, दोघेही दलित नव्हते. नव्या पक्षाची दारं किती रुंद असावीत हे त्या दोन नावांवरूनच कळतं. 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात पक्ष स्थापन झाला. मद्रासचे एन. शिवराज अध्यक्ष झाले. आणि 1959 च्या मे महिन्यात, म्हणजे दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत, पक्ष फुटला.

फुटीच्या एका बाजूला दादासाहेब गायकवाड होते. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासूनचे बाबासाहेबांचे सहकारी, धोतर नेसणारे, गावोगाव पायी हिंडलेले. दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे. वकील, विधानसभेत फेडरेशनचा आवाज म्हणून गाजलेले, कायद्याचा कीस काढणारे. कांबळ्यांच्या गटाला लोक ‘दुरुस्त’ म्हणत आणि गायकवाडांच्या गटाला ‘नादुरुस्त’. आजोबा नादुरुस्त होते. ते हा शब्द अभिमानानं उच्चारायचे, म्हणून लहानपणी मला तो एखादा किताब वाटायचा.

भांडण कशावरून होतं? मी मोठी झाल्यावर पुस्तकांतून वाचलं त्याहून आजोबांनी ते सोपं करून सांगितलं होतं. गायकवाडांचं म्हणणं, आपला माणूस खेड्यात आहे, त्याला जमीन नाही, पडीक आणि गायरान जमीन भूमिहीनाला मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी कम्युनिस्टांबरोबर रस्त्यावर उतरावं लागलं तरी उतरू. कांबळ्यांचं म्हणणं, बाबासाहेबांनी संविधान दिलं, हक्क दिले, ते मिळवायचे तर कायद्याच्या वाटेनं आणि शिकलेल्या नेतृत्वाखाली. कम्युनिस्टांच्या मागे गेलात तर बाबासाहेबांचा पक्ष त्यांच्या पोटात जाईल. 1952 ची जखम ताजी होती, तेव्हा हे म्हणणं खोटं म्हणायचं कसं? आणि 1957 चा विजयही ताजा होता, तेव्हा गायकवाडांचं तरी खोटं कसं म्हणायचं?

मला या फुटीबद्दल सर्वांत जास्त हेच सांगायचं आहे. ती नुसती खुर्चीची नव्हती. खुर्चीही होती, मानापमानही होते, बाबासाहेबांच्या खुर्चीच्या जवळ कोण बसायचं हेही होतं. पण तिच्या मुळाशी खरा प्रश्न होता, आणि तो प्रश्न वस्तीपुढे मांडून कुणी वस्तीचं मत विचारलं नाही. निर्णय नागपूर-मुंबईत झाले, निरोप गल्लीत आले. आजोबांच्या शब्दांत, “आमाला इचारलं असतं तर दोनी पायजेत म्हनलो असतो. जमीनबी आन् कायदाबी.”

निरोप गल्लीत आले तेव्हा काय झालं, हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. ते आत्याकडून ऐकलं.

आजोबा तोवर कुर्ल्याला आले होते. चुनाभट्टीकडच्या बाजूला, मिलच्या भोंग्याच्या टप्प्यात, दहा बाय दहाची खोली. आमच्या गावची मुंबईतली माणसं, बहुतेक गिरणीत, काही रेल्वेत, काही महापालिकेच्या सफाई खात्यात, महिन्यातून एकदा जमायची. त्याला पंचायत म्हणत. चार-चार आणे वर्गणी काढून पंचायतीनं भांडी घेतली होती: दोन मोठे हंडे, भाताची पातेली, परात, पाट्या, झारे, शिवाय सतरंज्या आणि एक गॅसबत्ती. लग्न असो, बारसं असो, जलदानविधी असो, ही भांडी त्या घरी जायची. हॉटेलवाल्याकडून भाड्यानं भांडी आणायची ऐपत नव्हती, आणि त्या काळात आपल्याला कोण कसली भांडी देईल याची खात्रीही नव्हती. त्यामुळे स्वतःची भांडी असणं हे धर्मांतरानंतरचं एक मोठं काम होतं. प्रत्येक भांड्यावर पंचायतीचं नाव कोरलं होतं.

भांडी ज्यांच्या खोलीत ठेवलेली असायची ते आजोबांचे आतेभाऊ. दोघं एकाच दिवशी मुंबईला आले होते, एकाच पत्र्याच्या ट्रंकेत दोघांचे कपडे होते, असं आजी सांगायची. आतेभाऊ मॅट्रिक झालेले, पोस्टात लागलेले. ते दुरुस्त झाले. रविवारच्या बैठकीत आधी वाद, मग शब्द वाढले. आजोबांनी त्यांना साहेबांची चाकरी करणारा म्हटलं, त्यांनी आजोबांना लाल बावट्याचा हमाल म्हटलं. पुढच्या महिन्यात दोन बैठका झाल्या, दोन खोल्यांत. भांडी मात्र एकाच खोलीत होती.

आत्याचं लग्न 1961 च्या उन्हाळ्यात ठरलं. आजोबा भांडी मागायला गेले नाहीत. आजी गेली. वहिनीनं दार उघडलं, पाणी दिलं, रडली, आणि म्हणाली की हंड्याला हात लावला तर घरात राहता येणार नाही. आजी रिकाम्या हातानं परत आली. आत्याच्या लग्नाचा भात शेवटी वाडीतल्या एका मुसलमान कुटुंबाच्या देगांमध्ये शिजला. कुर्ल्यात ते होऊ शकलं, कारण कुर्ला तसं आहे: इकडे बुद्धविहार, तिकडे कसाईवाडा, मधे ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. आत्या आज ऐंशीच्या घरात आहे. पक्षाच्या फुटीचा विषय निघाला की ती गायकवाड किंवा कांबळे ही नावं घेत नाही. ती म्हणते, “माझ्या लग्नाला काकी आली नाही.”

1962 ची निवडणूक आली तेव्हा समिती मोडली होती. महाराष्ट्र मिळाला होता, त्यामुळे समितीतल्या पक्षांना एकत्र ठेवणारं काही उरलं नव्हतं. त्यात चीनच्या प्रश्नावरून कम्युनिस्ट आणि समाजवादी एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. नव्या विधानसभेच्या 264 जागांपैकी काँग्रेसनं 215 घेतल्या. शेकापला पंधरा, प्रजासमाजवाद्यांना नऊ, कम्युनिस्टांना सहा, आणि रिपब्लिकन पक्षाला तीन. लोकसभेत पक्षाचे तीन जण गेले, ते तिघेही उत्तर प्रदेशातून. ज्या महाराष्ट्रात पक्षाची मुळं, तिथून एकही नाही. आजोबांनी त्या निकालाबद्दल कधी काही सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी विषय 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाकडे वळवला.

तो सत्याग्रह ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत उजळ आठवण. 6 डिसेंबर 1964 ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर सुरुवात झाली. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. लाखांवर माणसं तुरुंगात गेली. आजोबा रजा टाकून गावी गेले, पकडले गेले, आणि तिथे त्यांना कोण भेटलं? पोस्टातले आतेभाऊ. दुरुस्त असूनही ते आले होते. तुरुंगात दोघं एकाच बराकीत होते, शेजारी झोपायचे. बाहेर आल्यावर पुन्हा बोलणं बंद. नातं तुटलेलंच राहिलं आणि तरी सत्याग्रहाला दोघंही गेले, हे मला लहानपणी कळत नसे. आता वाटतं, त्यात न कळण्यासारखं काही नाही. लढायचं असेल तर आमची माणसं नेहमी एकत्र आली आहेत. निवडणूक आली की वेगळी झाली आहेत.

याचं कारण माणसांच्या स्वभावात शोधणाऱ्यांचा मला राग येतो. ते निवडणुकीच्या हिशोबात शोधावं. सत्याग्रहात कुणाकडून काही मागून घ्यायचं नसतं. निवडणुकीत लहान पक्षाला जागा मागून घ्यावी लागते. त्याची मतं राज्यभर पसरलेली, एका मतदारसंघात क्वचितच निवडून येण्याइतकी. मोठ्या पक्षाची मतं जोडली तरच माणूस निवडून येतो. आणि मोठा पक्ष अख्ख्या चळवळीशी बोलत नाही. तो एका गटाला बोलावतो. एकाला आमदारकी, एकाला महामंडळ. पुढच्या खेपेला दुसऱ्याला बोलावतो, म्हणजे पहिल्याची किंमत खाली येते. 1966 च्या सुमाराला रा. धों. भंडारे काँग्रेसमध्ये गेले, 1967 ला मध्य मुंबईतून खासदार झाले, पुढे बिहारचे राज्यपाल. त्यानंतर खुद्द दादासाहेब गायकवाडांनी यशवंतराव चव्हाणांशी समझोता केला. ज्या काँग्रेसविरुद्ध आयुष्यभर लढलो तिच्याबरोबर जायचं, हे आजोबांना जमलं नाही, पण दादासाहेबांविरुद्ध बोलणंही जमलं नाही. 29 डिसेंबर 1971 ला दादासाहेब गेले. मग खोब्रागडे गट, गवई गट, कांबळे गट. आजोबा म्हणायचे, आता गट मोजायला दोन हात लागतील.

माझ्या मामांची गोष्ट याच्या पुढची. मामा 1972 साली अठरा-एकोणीस वर्षांचे, सिद्धार्थ कॉलेजात. रिपब्लिकन पुढाऱ्यांच्या गटबाजीला कंटाळलेल्या पोरांनी त्या वर्षी दलित पँथर काढली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. मामा सांगतात, आम्हाला वाटलं होतं की आता गट हा शब्दच संपला.

मग जानेवारी 1974 ची मध्य मुंबईची पोटनिवडणूक आली. भंडारे राज्यपाल झाल्यामुळे जागा रिकामी होती. काँग्रेसचे रामराव आदिक, त्यांना शिवसेनेचा पाठिंबा. समोर कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, म्हणजे डांग्यांची मुलगी. पँथरनं बहिष्कार पुकारला. 5 जानेवारीला वरळीच्या सभेवर दगड आले, बीडीडी चाळींत दंगल पेटली, पोलिसांनी गोळीबार केला. 10 जानेवारीला निषेधाचा मोर्चा परळमधून जात असताना वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा पँथर तिथेच गेला. मामा त्या मोर्चात होते. त्यांच्यापासून किती अंतरावर तो पडला हे ते प्रत्येक वेळी सांगतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा हात पुढे जाऊन थांबतो. रोझा देशपांडे निवडून आल्या. काँग्रेसची हक्काची मतं घरात बसली होती. बावन्न साली कम्युनिस्टांनी मतं कुजवली आणि बाबासाहेब पडले. बावीस वर्षांनी दलित मतं घरी राहिली आणि डांग्यांची लेक निवडून आली. आजोबांना त्यात आनंद झाला नाही. ते एवढंच म्हणाले की पोरगं गेलं.

त्याच वर्षी पँथर फुटली, आणि पुन्हा त्याच प्रश्नावर. ढसाळांचा 1973 चा जाहीरनामा ढाल्यांना कम्युनिस्टांचा वाटला. बुद्ध की मार्क्स, असं त्या वादाला म्हणतात. मामांनी मला दोघांच्याही सभांचं वर्णन इतकं सांगितलंय की मला स्वतः ऐकल्यासारखं वाटतं. 1959 मध्ये जो प्रश्न वस्तीपुढे ठेवला गेला नाही, तोच पंधरा वर्षांनी नव्या कपड्यांत पुन्हा आला होता. 7 मार्च 1977 ला, लोकसभेची निवडणूक दाराशी असताना, ढाल्यांनी पँथर बरखास्त केल्याचं जाहीर केलं. ज्यांना ते मान्य नव्हतं त्या अरुण कांबळे, रामदास आठवले वगैरे तरुणांनी भारतीय दलित पँथर काढली. त्याच निवडणुकीत जनता लाटेत बी. सी. कांबळे दक्षिण-मध्य मुंबईतून खासदार झाले. दुरुस्त आतेभावांनी आम्हाला पेढे पाठवले. आजोबांनी ते घेतले. अठरा वर्षांनी त्या घरातून आमच्या घरात आलेला तो पहिला पदार्थ.

मधली वर्षं भरभर सांगते, कारण वस्तीत ती तशीच गेली. नामांतर, लाँग मार्च, गिरण्यांचा संप. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आजोबा निवृत्तीला आले होते, वडील मिलमध्ये होते. डॉ. दत्ता सामंत घाटकोपरचे, म्हणजे आमच्या बाजूचेच, आणि त्यांनी आपला कामगार आघाडी पक्ष काढला तेव्हा आमच्या गल्लीत आणखी एक झेंडा आला. त्या काळात आमच्या घरात मताचे तीन तुकडे होत: आजोबा एकीकडे, वडील सामंतांकडे, मामा कुणाकडेच नाहीत. 1988 च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांच्या ‘रिडल्स’ या पुस्तकासाठी मुंबईत निघालेला प्रचंड मोर्चा मी स्वतः पाहिला. सगळे गट त्यात होते. आजोबा साठीच्या घरात होते तरी चालले. पुढच्या वर्षी ऐक्य झालं, 1990 च्या विधानसभेच्या वेळी ते मोडलं. आठवले काँग्रेसबरोबर गेले आणि शरद पवारांच्या मंत्रिमंडळात समाजकल्याणमंत्री झाले. प्रकाश आंबेडकर वेगळ्या वाटेनं गेले.

आता 1997 वर येते. 11 जुलैची सकाळ. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक हायवेवर आले आणि राज्य राखीव पोलीस दलानं गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात जीव दिला. कुर्ल्याहून रमाबाई नगर लांब नाही. आमच्या गल्लीतल्या घराघरांचं तिथे कुणी ना कुणी आहे. आत्याची जाऊ तिथली. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा बायका रडत नव्हत्या, शिव्या देत होत्या. पोलिसांना, सरकारला आणि आपल्या पुढाऱ्यांनाही. तुम्ही एक असता तर यांची हिंमत झाली असती का, असं एक म्हातारी प्रत्येकाला विचारत होती. मी कुठल्याही गटाची नव्हते, तरी मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

त्या रागातून 1998 ची निवडणूक झाली. काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन पक्ष एकत्र लढला आणि चार जागा लढवून चारही जिंकला: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. या चारांपैकी एकही जागा राखीव नव्हती. खुल्या जागांवर, सगळ्या जातींची मतं घेऊन हे चौघे निवडून आले. बाबासाहेबांना अत्र्यांना आणि एसेमना पत्रं लिहिताना जो पक्ष दिसत असेल, त्याच्या सर्वांत जवळ आपण त्या दिवशी पोचलो होतो, असं मी आजही मानते. आजोबा सत्तर वर्षांचे होते. दुरुस्त आतेभाऊ काठी टेकत आमच्याकडे आले. दोघं दूरदर्शनपुढे बसून राहिले. आतेभाऊ म्हणाले, “चार.” आजोबा म्हणाले, “चार.” आणि दोघांनी पुन्हा पुन्हा तेवढंच म्हटलं.

ते तेरा महिने टिकलं. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं. मे महिन्यात शरद पवारांना काँग्रेसमधून काढलं, जूनमध्ये राष्ट्रवादी स्थापन झाली. ज्या मोठ्या पक्षाच्या आधारानं चार जागा आल्या तो स्वतःच दुभंगला, आणि त्याच्या आधारावरचे आपोआप दोन्हीकडे खेचले गेले. आठवले पवारांबरोबर गेले आणि पंढरपुरातून जिंकले. प्रकाश आंबेडकरांनी अकोला राखलं. अमरावती आणि चिमूर गेलं. मुंबई उत्तर मध्यमधून शिवसेनेचे मनोहर जोशी निवडून आले. आणि वर्तमानपत्रांनी लिहिलं की रिपब्लिकनांचं ऐक्य नेहमीप्रमाणे मोडलं.

नेहमीप्रमाणे. हा शब्द मी तेव्हापासून सहन करू शकत नाही. काँग्रेस 1969 ला फुटली, 1978 ला फुटली, 1999 ला फुटली. कम्युनिस्ट 1964 ला फुटले. समाजवादी किती वेळा फुटले आणि जुळले हे नेहरूनगरात आमच्या शेजारी राहणारे, हयातभर प्रजासमाजवादी राहिलेले गुरुजी बोटांवर मोजता मोजता थांबायचे. शिवसेना 2022 ला फुटली, राष्ट्रवादी 2023 ला. यांपैकी कुणाच्याही फुटीवरून कुणाची जात काढली गेली नाही. आमचा पक्ष फुटला की म्हणतात, यांना एकत्र राहताच येत नाही. वस्तीला एकत्र राहता येतं. पंचायतीचे हंडे चार-चार आण्यांनी वस्तीनंच घेतले होते.

पण पुढाऱ्यांना मी सोडत नाही. 1999 ला एकत्र बसून ठरवता आलं असतं. पवार की सोनिया, जे काय ते चौघांनी मिळून. बैठक वस्तीत घेता आली असती. रमाबाई नगरातल्या त्या म्हातारीला बोलावता आलं असतं. ते कुणी केलं नाही. दादासाहेब आणि बी. सी. कांबळे यांच्यातल्या भांडणाला निदान जमिनीचा आणि कायद्याचा आधार होता. 1999 च्या भांडणाला मला तसा आधार सापडत नाही. 2009 ला विधानसभेआधी शेकाप, कम्युनिस्ट, जनता दल यांना घेऊन रिडालोस नावाची तिसरी आघाडी झाली, ती निवडणुकीनंतर टिकली नाही. 2011 ला आठवले शिवसेना-भाजपबरोबर गेले.

आणि त्याच 2009 मध्ये कुर्ला विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. आजोबा तोवर गेले होते. स्वदेशी मिल बंद पडून वर्षं झाली होती. आत्याला वाटलं, आता तरी निळ्या झेंड्याचा आमदार येईल. पहिल्या वेळी राष्ट्रवादीचे मिलिंद कांबळे निवडून आले. त्यानंतर 2014, 2019 आणि 2024 अशा तिन्ही वेळी शिवसेनेचे मंगेश कुडाळकर. राखीव झाल्यापासून एकदाही रिपब्लिकन नाव घेणाऱ्या पक्षाला ही जागा मिळाली नाही. प्रत्येक वेळी यादीत आंबेडकरी पक्ष आणि अपक्ष एकापेक्षा जास्त असतात. आत्या चष्मा लावून यादी वाचते आणि विचारते की यातला आपला कोणता.

2019 च्या लोकसभेला थोडी हवा वेगळी होती. वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र आले. ज्या घराच्या देगांत आत्याच्या लग्नाचा भात शिजला होता, त्या घरची नातवंडं आणि आमच्या गल्लीतली पोरं एकाच गाडीवर बसून घोषणा देत फिरली. आत्या गॅलरीत उभी राहून पाहत होती. राज्यात त्या आघाडीला सात टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली, औरंगाबादची जागाही आली. सप्टेंबरमध्ये, विधानसभेच्या तोंडावर, जागावाटपावरून आघाडी तुटली. पोरं दोन गाड्यांवर गेली. एकमेकांशी बोलणं मात्र त्यांनी बंद केलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. आत्याच्या पिढीत तसं झालं नव्हतं.

2024 ला पुन्हा तेच. उद्धव ठाकरे आणि प्रकाश आंबेडकर यांची युती जानेवारी 2023 मध्ये झाली, मार्च 2024 मध्ये बोलणी फिसकटली. महायुतीत असलेल्या आठवल्यांच्या पक्षाला महाराष्ट्रात लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. आमच्या मुंबई उत्तर मध्यमधून काँग्रेसच्या वर्षा गायकवाड 16,514 मतांनी जिंकल्या.

त्या वर्षी विधानसभेच्या आधी विहारातल्या पोरापोरींनी एक गोष्ट केली. आंबेडकरी पक्षांच्या आणि गटांच्या कुर्ल्यातल्या सगळ्या कार्यकर्त्यांना त्यांनी एका रविवारी बोलावलं. झेंडे बाहेर ठेवायचे, आत फक्त माणसं. प्रश्न आधी लिहून दिले होते: मिठी नदीच्या काठच्या घरांचं काय, झोपडपट्टी पुनर्वसनात अपात्र ठरलेल्यांचं काय, सफाई कामगारांच्या कंत्राटाचं काय, आणि शेवटचा, तुम्ही एकमेकांविरुद्ध उभे का. चार गटांना निरोप गेले होते, दोघे आले. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. शेवटच्या प्रश्नाला एकानं वरून आदेश आहे असं उत्तर दिलं. तेव्हा एका मुलीनं उठून विचारलं की तुमच्या पक्षात आदेश खालून वर जाण्याची काही सोय आहे का. तो विचार करत राहिला. मग म्हणाला, सध्या नाही, पण तुम्ही लिहून द्या, मी नेऊन देतो. त्यांनी तिथेच बसून लिहायला घेतलं. पहिलं वाक्य काय असावं यावरून तासभर वाद झाला.